नळाचं पाणी पिताना आणि स्वयंपाकात वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याचा विषय निघाला की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी उकळायला सांगतं, कुणी फिल्टर बसवायला, कुणी तुरटी फिरवायला. यातला प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे बरोबर असतो, पण बरेचदा तो भलत्याच दुखण्यावर दिलेला असतो. पाण्यातले धोके मुळात दोन जातींचे आहेत. एक जिवंत, म्हणजे जिवाणू, विषाणू आणि परजीवी. दुसरा विरघळलेला, म्हणजे धातू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक. एकावरचा उपाय दुसऱ्यावर सहसा चालत नाही, कधीकधी उलट अपाय करतो. खालची बहुतेक उत्तरं या एका भेदावर उभी आहेत.

नळाचं पाणी थेट प्यायलं तर चालतं का?

पुरवठा चोवीस तास दाबाने चालू असेल, नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असेल आणि तपासणीचे निकाल नियमितपणे जाहीर होत असतील, तर थंड पाण्याच्या नळाचं पाणी थेट प्यायला हरकत नाही. यातली एखादी गोष्ट जरी नसेल तरी पाणी निर्जंतुक करूनच प्यावं.

दाबाला एवढं महत्त्व का, ते सांगते. जमिनीखालची जलवाहिनी कुठे ना कुठे गळत असतेच. आत दाब असेपर्यंत त्या भेगेतून पाणी बाहेर पडतं. पुरवठा बंद होऊन वाहिनी रिकामी झाली की त्याच भेगेतून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर पाणी आल्याआल्या भांडी लावू नका. पहिली धार धुण्या-पुसण्याला घ्या आणि पाणी निवळ यायला लागल्यावर पिण्याचं भरा. तेही उकळून किंवा भरवशाच्या फिल्टरमधून काढूनच प्या.

पाणी स्वच्छ दिसतं, वास नाही, चवही चांगली आहे. मग ते चांगलंच ना?

नाही. १८५४ साली लंडनमधल्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी तिचं मूळ असल्याचं डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवून दिलं. हॅम्पस्टेडला राहायला गेलेल्या एका विधवेला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे. तिच्या नव्या वस्तीत साथ नव्हती, तरी ती कॉलऱ्याने गेली. चवीवर विसंबण्याचा धोका याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

शिसं, आर्सेनिक आणि नायट्रेट यांना पाण्यात रंगही नसतो आणि वासही नसतो. उलट, नाक मुरडायला लावणारं पाणी पुष्कळदा निरुपद्रवी असतं. डोळे आणि जीभ बदल ओळखायला उपयोगी आहेत. रोजच्यापेक्षा पाणी वेगळं वाटलं तर चौकशी जरूर करा, पण ‘पाणी चांगलं आहे’ हा निकाल त्यांच्यावर सोडू नका.

सकाळी नळाचं पहिलं पाणी सोडून द्यावं म्हणतात. का?

पाणी रात्रभर नळ्यांत स्थिर राहतं आणि जिथे साचलंय तिथला धातू हळूहळू उतरवून घेतं. जुन्या इमारतींत शिशाच्या नळ्या किंवा नळ्यांच्या सांध्यांना शिसं असलेले डाग (सोल्डर) दिलेले असू शकतात. पितळी तोट्यांतही थोडं शिसं असतं आणि तांब्याच्या नळ्यांतून तांबं उतरतं. सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ नळ उघडला नसेल, तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला घेऊ नये. धार आधीपेक्षा गार लागायला लागली की नळीतलं शिळं पाणी संपून बाहेरच्या वाहिनीचं ताजं पाणी आलं, असं समजायचं. घरातली नळी आखूड असेल तर अर्ध्या-एक मिनिटात हे होतं, लांब असेल तर काही मिनिटं लागतात. सोडलेलं पाणी बादलीत धरून झाडांना किंवा फरशीला वापरा, वाया घालवायचं कारण नाही. त्याआधी कुणी आंघोळ केली असेल तर बराचसा हिशेब तिथेच चुकता होतो, पण स्वयंपाकघराच्या नळाकडे जाणारा शेवटचा तुकडा उरतोच.

शिशाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण त्याचा फटका मुलांना बसतो. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांच्या शरीरात चार ते पाच पट जास्त शोषलं जातं आणि मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. ‘एवढ्याने काही होत नाही’ असं म्हणता येईल असं शिशाचं प्रमाणच सापडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा ठेवली आहे, पण तीही तात्पुरती म्हणूनच.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिथला पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी सुरू केलं. नळ्यांना गंज चढू नये म्हणून पाण्यावर करायची प्रक्रिया मात्र केली गेली नाही. नळ्यांच्या आतलं जुनं संरक्षक पुट सुटलं आणि शिसं घराघरांत पोहोचलं. जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी आणि तुमच्या पेल्यातलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, ते असं.

गिझरचं गरम पाणीच भांड्यात घेतलं तर गॅस वाचतो. घ्यावं का?

घेऊ नका. गरम पाण्यात धातू लवकर विरघळतात, आणि गिझरच्या टाकीत तळाला गाळ व क्षार साठलेले असतात. भात, चहा, सूप, बाळाचं दूध, सगळ्याला थंड नळाचं पाणी घ्यावं आणि ते शेगडीवर तापवावं. वाचणारं इंधन अगदी थोडं असतं, त्यासाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

पाणी किती वेळ उकळावं?

खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे, ढवळल्यावरही न मोडणारी उकळी हवी. वीस-वीस मिनिटं उकळत ठेवण्याची गरज नाही. त्यात इंधन जातं, पाणी आटतं आणि जंतूंच्या बाबतीत हाती नवं काही लागत नाही. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गाळा आणि मग उकळा.

उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्यावं. उकळून झाल्यावर न धुतलेल्या पिंपात ओतलं तर सगळी मेहनत फुकट जाते.

उकळल्याने काय जात नाही?

शिसं, आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, मीठ. यातलं काहीही वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी आटतं आणि हे सगळे पदार्थ उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतात. म्हणून ‘पाण्यात रसायन मिसळलंय’ अशी सूचना आली असेल तर उकळणं हा उपाय नाही. तेव्हा दुसरीकडून पाणी आणणं हाच मार्ग.

क्लोरीन उकळल्याने उडतं. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते मात्र चिवट असतं.

उकळलेलं पाणी पुन्हा उकळलं तर घातक होतं का?

चांगलं पाणी दोनदा उकळल्याने वाईट होत नाही. फक्त तेच ते पाणी दिवसभर किटलीत आटवत ठेवू नका.

स्वयंपाकात पाणी उकळतंच. मग साधं नळाचं पाणी वापरलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

जंतूंचा विचार केला तर जो पदार्थ खळखळून उकळतो किंवा पूर्ण शिजतो, त्यातले जंतू मरतात. तिथे साधं नळाचं पाणी चालतं. पण स्वयंपाकघरात न उकळणारं पाणी किती असतं ते एकदा मोजून पाहा. कोशिंबिरीची भाजी धुतलेलं पाणी, शिजल्यावर वरून घातलेला पाण्याचा हबका, सरबत, बर्फ, फळं धुतलेलं पाणी, चटणी वाटताना घातलेले दोन चमचे. पोट बिघडतं ते या वाटांनी. म्हणून पाणी उकळून प्यायच्या घरात कच्च्या पदार्थांचं पाणीही उकळलेलंच हवं.

विरघळलेल्या पदार्थांचं गणित वेगळं आहे. भात सगळं पाणी शोषून घेतो, सूप आणि रस्सा तर पाण्यासकट पोटात जातात. पाण्यात आर्सेनिक किंवा शिसं असेल तर शिजवल्याने ते अन्नातच मुरतं. अशा ठिकाणी पिण्यासाठी फिल्टरचं आणि स्वयंपाकाला नळाचं, अशी वाटणी करून उपयोग नाही. घरातलं माणूस दिवसभरात जेवढं पाणी पितं, त्यात अन्नातून पोटात जाणाऱ्या पाण्याची मोठी भर पडत असते, आणि ती आपण हिशेबात धरत नाही.

डाळी आणि कडधान्यं शिजता शिजत नाहीत. दोष पाण्याचा का?

बरेचदा पाण्याचाच. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनशी ते जखडून बसतं, आणि दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. फार जुनं कडधान्यही असंच अडून बसतं, त्यामुळे पाण्याला दोष देण्याआधी दुसरं ताजं धान्य शिजवून पाहावं.

उपाय साधा आहे. भिजवताना पाण्यात थोडं मीठ घाला. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. मीठ घातलं की दाणे शिजत नाहीत, या समजुतीच्या हे नेमकं उलट आहे. चिमूटभर खाण्याचा सोडाही चालतो, पण जास्त झाला तर दाण्याचा लगदा होतो, चव साबणासारखी लागते आणि थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं. आंबट काही घालायचं असेल तर दाणे मऊ झाल्यावरच घाला, आम्लामुळे ते कडक राहतात.

चहावर तरंगणारा तवंगही जड पाण्याचाच. चहातले घटक आणि पाण्यातलं कॅल्शियम यांचा तो थर असतो. दिसायला वाईट, अपाय काही नाही. मऊ केलेलं किंवा फिल्टरचं पाणी घेतलं की तो नाहीसा होतो.

जड पाण्याने मुतखडा होतो का?

पाण्याच्या जडपणामुळे मुतखडा होतो, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मुतखडा टाळायला दिवसभर भरपूर पाणी पिणं अधिक महत्त्वाचं आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. किटलीच्या तळाशी साठणारं पांढरं पुट हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. पोटात गेलं तरी भीती नाही. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात घालून उकळलं की सुटून येतं.

पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं असेल तर एवढं लक्षात ठेवा की ते कॅल्शियम काढून सोडियम सोडतं. लिटरमागे १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाला आणि बाळाच्या दुधाला हे पाणी देऊ नये. स्वयंपाकघरातला एक नळ यंत्राच्या आधीच्या वाहिनीवर ठेवावा.

पाण्याला क्लोरीनचा वास येतो. ते पिणं धोक्याचं नाही ना?

वास आवडत नाही हे मान्य, पण तो वास म्हणजे पाण्यावर पहारा असल्याची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा ५ मिलिग्रॅमची आहे. काही जणांना मात्र ०.३ मिलिग्रॅमलाच चव कळते. म्हणजे जिभेला क्लोरीन लागलं तरी ते मर्यादेच्या खूप खाली असू शकतं.

क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय कचरा मिळून काही नको असलेली संयुगं तयार होतात, हे खरं आहे. ती कमी करण्याचं काम शुद्धीकरण केंद्रात व्हायला हवं. त्यांच्या भीतीने क्लोरीनच नको म्हणणं मला अजिबात पटत नाही. पाणी निर्जंतुक न केल्याने होणारे मृत्यू इतिहासात भरपूर आहेत. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये क्लोरीनकडे दुर्लक्ष झालं, पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू शिरला, सात माणसं दगावली आणि दोन हजारांवर आजारी पडली.

वास घालवायचा असेल तर पाणी झाकून काही तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा पेल्यात लिंबाचे दोन थेंब पिळा. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारतं. पण क्लोरीन गेलेल्या पाण्याची राखणही गेली, म्हणून ते लवकर संपवावं. आंबवायच्या पदार्थांना, विरजणाला आणि खमिराला पाणी उकळून गार करून वापरलं तर सूक्ष्मजीवांना क्लोरीनचा त्रास होत नाही.

पाण्याचा रंग किंवा वास बदललाय. काय समजावं?

दुधासारखं पांढरं पाणी पेल्यात घेऊन ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे, खुशाल प्या. तळाला काही बसलं तर मात्र तो गाळ.

लालसर-तपकिरी पाणी बहुधा लोखंडाचा गंज. दुरुस्तीनंतर किंवा दाब एकदम बदलल्यावर येतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असेल तर कपड्यांवर डाग पडतात आणि चव लोखंडी लागते. निवळ येईपर्यंत थंड नळ सोडा, गरम पाण्याचा नळ त्या वेळात उघडू नका, नाहीतर गाळ गिझरमध्ये जाऊन बसेल. निळसर-हिरव्या डागांचा अर्थ तांब्याची नळी झिजतेय, आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे, त्यावर मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. काळे मऊ कण बरेचदा झिजलेल्या वॉशरचे निघतात.

पावसानंतर ओल्या मातीसारखा वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. तलावातलं शेवाळ आणि जिवाणू तो तयार करतात. माणसाचं नाक तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही टिपतं. त्याने अपाय होत नाही. कुजक्या अंड्याचा वास आला तर पेला घेऊन दुसऱ्या खोलीत जा आणि तिथे हुंगा. वास गेला असेल तर दोष मोरीच्या जाळीचा, पाण्याचा नव्हे. फक्त गरम पाण्याला येत असेल तर गिझर तपासा. थंडालाही येत असेल तर पाणी तपासायला द्या. रॉकेल, रंग किंवा पेट्रोलसारखा वास आला तर क्षणभरही थांबू नका. पिणं बंद, स्वयंपाक बंद, आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांना ताबडतोब कळवा.

टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणजे पाणी शुद्ध का?

या छोट्या यंत्राने लोकांची जितकी दिशाभूल केली आहे तितकी क्वचितच कशाने केली असेल. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच पाहतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतं. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. जंतू त्याला दिसत नाहीत. शिसं आणि आर्सेनिक ज्या प्रमाणात घातक ठरतात ते मायक्रोग्रॅममध्ये असतं, आणि मीटरच्या आकड्यात ते बुडून जातं. आकडा ५० असलेलं पाणी जीवघेणं असू शकतं आणि ४०० चं पाणी उत्तम. लिटरमागे सुमारे ६०० मिलिग्रॅमपर्यंत चव चांगली मानतात, १००० च्या पुढे ती बिघडत जाते. मीटरचा खरा उपयोग आरओची, म्हणजे दाबाने पाणी गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राची, पडदी शाबूत आहे का ते बघायला.

मग फिल्टर कोणता घ्यावा?

आधी पाणी तपासून घ्या, मग यंत्राच्या दुकानात जा. क्रम उलटला की पैसे जातात आणि दुखणं राहतं.

कार्बन फिल्टर क्लोरीन, वास आणि बरीचशी सेंद्रिय रसायनं धरतो. काही दाट कार्बनचे फिल्टर शिसंही धरतात, पण सगळे नाही, ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असावं लागतं. नायट्रेट आणि फ्लोराइडवर साधा कार्बन कुचकामी आहे. अतिनील किरणांचा दिवा जंतूंना निकामी करतो, विरघळलेल्या कशालाही हात लावत नाही आणि गढूळ पाण्यात नीट चालत नाही, कारण गाळाच्या कणाआड जंतू लपतो. आरओ आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं आणि क्षार काढतो, त्याबरोबर बरंच पाणी बाहेर टाकतो आणि चांगले क्षारही काढून घेतो. पाणी मुळात कमी क्षारांचं आणि निर्धोक असेल तर आरओ हवाच कशाला?

क्लोरीनलाही न जुमानणारे जंतू असतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळाच्या पाण्यात उतरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. उकळणं आणि अतिनील दिवा दोन्ही त्याच्यावर चालतात.

कोणताही फिल्टर घ्या, त्याची कांडी वेळेवर बदला. वापरून संपलेल्या कार्बनमध्ये जिवाणूंची वस्ती होते, आणि असा फिल्टर नसलेलाच बरा. नळाच्या तोंडाची बारीक जाळीसुद्धा अधूनमधून काढून धुवा, गंजाचे आणि शिशाचे कण तिथे अडकून बसतात.

तुरटी किंवा कापडाची घडी पुरते का?

तुरटीने गाळ तळाला बसतो, जंतू मरत नाहीत. उकळण्याआधीची पायरी म्हणून ती उत्तम आहे.

कापडाला मात्र कमी लेखू नका. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या घड्यांमधून पाणी गाळायला शिकवलं, आणि कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी घडीत अडकतात. सुटे जिवाणू आणि विषाणू मात्र कापडातून आरपार जातात, त्यामुळे गाळल्यावर उकळणं चुकत नाही.

उकळायची सोयच नसेल तर?

कपड्यांना वापरायचं साधं ब्लीच, वास किंवा साबण न मिसळलेलं, ५ ते ६ टक्के ताकदीचं असेल तर लिटरला दोन थेंब. गढूळ पाण्याला दुप्पट. ढवळून अर्धा तास थांबा. हलकासा क्लोरीनचा वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा घालून पंधरा मिनिटं थांबा. ब्लीचही नसेल तर निवळ पाणी पारदर्शक प्लास्टिकच्या (पेट) बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. आभाळ असेल तर सलग दोन दिवस.

पाणी साठवावं कशात आणि किती दिवस?

झाकण असलेल्या, अरुंद तोंडाच्या आणि शक्यतो तोटी असलेल्या भांड्यात. पाणी भरताना शुद्ध असतं आणि पेला बुडवताना नासतं. बुडवलेल्या हाताबरोबर काय काय जातं ते दिसत नाही एवढंच. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते दुसऱ्या कशाला वापरू नका. भांडं रिकामं झाल्यावर घासून, वाळवून मगच भरा, उरलेल्यात नवं ओतू नका. उकळलेलं पाणी एक-दोन दिवसांत संपवलेलं बरं.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का, बाहेर जाणाऱ्या नळीला जाळी आहे का, हे स्वतः वर चढून पाहा. आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही. नळाला लावलेली रबरी नळी बादलीत बुडवून ठेवू नका. पुरवठ्याचा दाब पडला की बादलीतलं साबणाचं पाणी उलटं वाहिनीत ओढलं जातं.

बाळाच्या दुधासाठी कोणतं पाणी घ्यावं?

थंड नळाचं ताजं पाणी, उकळून, आणि उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंश सेल्सिअसच्या वर असतानाच पावडर मिसळावी. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यातच क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात आणि त्यांना मारायला एवढी उष्णता लागते. मग बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा आणि दोन तासांत न संपलेलं टाकून द्या.

विहिरीचं किंवा शेतीच्या भागातलं पाणी असेल तर नायट्रेट तपासल्याशिवाय बाळाला देऊ नका. मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅमची आहे. त्यावर गेलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळसर पडतात. इथे उकळणं मदत करत नाही, नायट्रेट आणखी दाट होतं. निळेपणा दिसला तर थेट दवाखाना गाठा.

‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना आली आहे. नेमकं काय काय उकळायचं?

पिण्याचं, दात घासण्याचं, बर्फाचं, कच्ची भाजी आणि फळं धुण्याचं, बाळाच्या दुधाचं. आंघोळ चालते, फक्त लहान मुलांच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नका. भांडी घासून पूर्ण वाळवा. फ्रिजमधला आधीचा बर्फ टाकून द्या, गोठवल्याने जंतू मरत नाहीत. सूचना मागे घेतल्यावर सगळे थंड नळ काही मिनिटं सोडा आणि फिल्टरची कांडी बदला.

नाक धुवायला नळाचं पाणी चालतं का?

नाही, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा, म्हणजे एकपेशी जीव, पोटात गेला तर जठरातल्या आम्लाने मरतो. नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि हा आजार जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. तो दुर्मीळ आहे, पण टाळणं अगदी सोपं आहे. उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुक पाणीच वापरा.

पाणी तपासायला द्यायचं तर नमुना कसा घ्यावा?

जंतूंसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली घ्या. आतली पांढरी पूड धुऊन टाकू नका, ती क्लोरीन थांबवण्यासाठी असते. नळाची जाळी काढा, पाणी दोन-तीन मिनिटं सोडा, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. शिशासाठी अगदी उलट करायचं. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळची पहिली धार, जाळी न काढता.

निकालात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय शून्य हवा. एक जरी आढळला तरी पाण्यात कुठेतरी मैला मिसळतोय असा त्याचा अर्थ. त्या दिवसापासून पिण्याचं आणि कच्च्या पदार्थांचं सगळं पाणी उकळायला घ्या, शेजाऱ्यांना सांगा, टाकी धुऊन घ्या आणि पुन्हा नमुना द्या. पहिला नमुना टाकीनंतरच्या नळाचा असेल तर दुसरा टाकीच्या आधीचा घ्या. दोष घरात आहे की बाहेरच्या वाहिनीत, ते त्यावरून कळतं आणि तक्रार कुणाकडे करायची तेही.